घेरभाऊंची छाती आणि उतारावरचं जंगल

घेरभाऊंची उंची किती, हा प्रश्न आमच्या वनमोजणी कचेरीत मोठ्याने कोणी विचारत नसे. हळू आवाजात सगळेच विचारत, आणि मी तर उत्तरही देत असे. पण ते उत्तर दर वर्षी बदलावं लागे, कारण भाऊंच्या बुटांचे तळवे दर वर्षी थोडे जाड होत. कोपऱ्यावरच्या बूटवाल्याने एकदा मला विचारलं, "हे गृहस्थ चिखलात काम करतात का हो?" म्हटलं, "नाही रे बाबा, माणसांत करतात."

'घेरभाऊ' हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हे. जन्मभर झाडांचे घेर मोजले म्हणून ते पडलं, असं भाऊ पाहुण्यांना सांगत. पाहुणे भाऊंच्या पोटाकडे बघून, पटलं पटलं, अशी मान हलवत.

मी त्याच कचेरीत नकाशाच्या खोलीत होतो. त्या खोलीचं दार नेमकं जिन्याच्या तोंडाशी. साहेबांकडे जाणारा माझ्यासमोरून जायचा आणि साहेबांची बोलणी खाऊन आलेला माझ्याकडे पाणी प्यायला थांबायचा. तेव्हा मला कचेरीतलं सगळं माहीत असतं, यात माझा काही दोष नाही. खोली त्यांनी दिली.

भाऊंच्या लग्नाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, पण ज्यांनी पाहिली त्यांच्यापेक्षा मी ती चांगली सांगतो. वहिनी नगर वाचनालयात. सर्वांत वरच्या फळीवरचं पुस्तक शिडी न लावता काढणारी त्या इमारतीतली एकमेव व्यक्ती. भाऊ रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. वहिनी टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या, भाऊ या बाजूला. बसल्यावर दोघांची डोकी एका रेषेत, कारण वहिनींची उंची सगळी पायांत आहे. असं बसून बसून प्रेम जमलं. वहिनी एके दिवशी 'हो' म्हणाल्या, आनंदाच्या भरात दोघंही एकदम उभी राहिली, आणि मग काय तो उलगडा झाला. पण शब्द देऊन झाला होता आणि वहिनी शब्दाच्या पक्क्या.

आता जरा कामाचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा म्हातारा नुसत्या चहाड्या करतो. आसपासच्या डोंगरांवर जंगल किती उरलंय, झाडं भरतायत की रोडावतायत, हे काही वर्षांनी पुन्हा पुन्हा मोजायचं आणि त्यावरून आधी काय वाचवायचं ते ठरवायचं, हा आमच्या कचेरीचा धंदा. सगळंच वाचवायला राखणदार पुरत नाहीत, म्हणून क्रम लावायचा. दवाखान्यात खाट एकच असली की ज्याची तब्येत जास्त बिघडली त्याला ती आधी, तसंच हे. रोडावलेलं जंगल पहिलं, धडधाकट शेवटचं.

तब्येत बघायची ती झाडाच्या घेरावरून. प्रत्येक जंगलात ठरावीक झाडं निवडलेली असतात. त्यांना छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची आणि आकडा टिपायचा. छातीची उंची म्हणजे किती, हे नियमात आकड्याने दिलेलं आहे, आणि बरोबर तेवढ्यावर लाल पट्टा मारलेली एक काठी प्रत्येक मोजणीदाराला मिळते. पण काठी सोबत न्यावी लागते आणि छाती आपोआप येते. भाऊंच्या आधी ज्यांनी मोजणी केली ते खांबकाका दारातून वाकून आत यायचे, एवढे उंच. त्यांनीही काठी कधी उचलली नाही. झाडाला छाती लावायची आणि फीत फिरवायची, ही त्यांची रीत. ती त्यांनी भाऊंना शिकवली आणि भाऊंनी ती गुरुमंत्रासारखी जपली. भाऊंच्या काठीवर वहिनींच्या गॅलरीत कपडे वाळत असत.

भाऊंच्या वाट्याला आलं गावाच्या वरच्या अंगाचं जंगल. आम्ही त्याला नुसतं 'उतार' म्हणतो. पांढऱ्या सालीची, बुंध्याशी पसरट झाडं. दर वर्षी साल गळते, त्यामुळे झाडाला रंगाने खूण केली तरी टिकत नाही. भाऊंनी पहिल्याच मोजणीत जाहीर केलं की उतारावरची झाडं झपाट्याने भरली आहेत. साहेब खूश झाले. पुढच्या मोजणीतही आकडे तसेच भरगच्च आले. हळूहळू भाऊ असं बोलू लागले, जणू झाडं त्यांच्या हातचं खाऊन वाढतायत. "दुसऱ्यांची जंगलं बघा, आणि माझा उतार बघा," असं ते चहाच्या टेबलावर म्हणत आणि दोन्ही हातांनी हवेत एक बुंधा दाखवत. हवेतला तो बुंधा मात्र दर वर्षी जाड होत गेला.

मग ते वर्ष आलं. क्रम नव्याने लावायचा होता, आणि त्यासाठी एक नव्या मॅडम बदलून आल्या होत्या. वयाने भाऊंच्या मुलीएवढ्या, उंचीने वहिनींएवढ्या, बोलायला अगदी कमी. मला असली माणसं आवडत नाहीत, त्यांच्याकडून काही कळत नाही. त्यांनी तीन जंगलांना गुण दिले आणि कच्चा नकाशा रंगवायला माझ्याकडे पाठवला. पाणथळ रानाला लाल रंग, म्हणजे पहिला नंबर. कड्यावरच्या रानाला पिवळा, म्हणजे दुसरा. उताराला हिरवा. आणि त्या हिरव्यावर तिरप्या रेघा.

मी भाऊंना हाक मारली. "भाऊ, या. तुमचा उतार शेवटून पहिला आला."

भाऊ नकाशावर झुकले. चेहरा असा फुलला की विचारू नका. "येणारच! शेवटचा म्हणजे सगळ्यांत ठणठणीत. कोणाच्या हातचं जंगल आहे!" मग त्यांचं बोट थांबलं. "या रेघा कसल्या?"

"लाकूड कंपनीच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे उतारावर गरजेपेक्षा जास्त वाढ आहे, असं आकडे सांगतात. जास्तीची वाढ काढून न्यायला हरकत नाही, असं मॅडमनी लिहिलंय. पंधरवड्यात बैठक आहे. सही झाली की करवती चढतील."

भाऊ खुर्चीत बसले. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातात धरला आणि प्यायचा विसरून गेले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा थट्टा सुचली होती, पण तो चेहरा बघून ती मी गिळली. असं वर्षातून एखादेवेळीच होतं.

"माझ्याच आकड्यांवर?" भाऊ म्हणाले.

"तुमच्याच."

ते उठले आणि तडक साहेबांकडे गेले. दार उघडं राहिलं होतं, त्याला मी काय करणार?

"साहेब, उतार तोडू नका."

"अहो भाऊ, तोड कसली, विरळणी आहे. तुम्हीच म्हणता ना, झाडं भरतायत म्हणून."

"भरतायत, पण... आतून किडलीयत."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"वरून दिसत नाही."

"मग तुम्हाला कसं दिसलं?"

भाऊंनी घसा खाकरला. क्षणभराने पुन्हा त्यांचा आवाज आला. "साहेब, तिथे एक दुर्मीळ पक्षी आहे."

"कोणता?"

"लाजाळू आहे. नाव अजून ठरलेलं नाही."

"कोणी पाहिलाय?"

"कोणीच नाही. म्हणून तर दुर्मीळ."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. साहेब चष्मा पुसायला लागले की समोरच्याने निघायचं, असा आमच्याकडे संकेत आहे. तरी जाता जाता त्यांनी भाऊंवर एक मेहरबानी केली. "असं करा, मॅडमना घेऊन उतारावर जा. चार झाडं त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. काही वावगं आढळलं तर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. बरोबर नकाशा लागेल, म्हणून मीही निघालो. नकाशा लागणार नव्हता. मला भांडण चुकवायचं नव्हतं.

डोंगरावर जाताना भाऊ कापडी बूट घालत. जाड तळव्यांचे बूट गावापुरते, वर बघायला कोण असतं? वाटेत त्यांनी मॅडमना झाडांची ओळख करून दिली, सासरच्या माणसांची करून द्यावी तशी. हे जरा आडमुठं आहे, याच्या अंगावर वीज पडली होती तरी वठणीवर आलं नाही, ही दोघं जुळी. पहिल्या झाडापाशी आल्यावर भाऊ म्हणाले, "मोजा तुम्हीच. मी मोजलं तर म्हणाल, पदरचं घातलं."

मॅडमनी पाठपिशवी उतरवली, फीत काढली. काठी त्यांच्याकडे नव्हती. कोठीतली काठी त्यांनी मागितली तेव्हा कारकुनाने, "भाऊ जिथे जातात तिथे काठी कशाला?" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. फीत फिरवून त्या म्हणाल्या, "काका, हा आकडा तुमच्यापेक्षा बराच कमी आहे."

"फीत सैल धरली असेल."

"सैल धरली तर आकडा वाढेल, काका."

"मग घट्ट धरली असेल! झाडाला काय गळफास द्यायचाय?"

मॅडमनी पुन्हा मोजलं. तोच आकडा. भाऊंनी फीत हिसकावून घेतली, झाडाला छाती लावली, हात मागे नेऊन फीत फिरवली आणि विजयी मुद्रेने आकडा वाचला. त्यांचा जुना आकडा, तंतोतंत.

"बघा! काय म्हणतो मी? हात बसलेला आहे."

दुसऱ्या झाडावर तसंच. तिसऱ्यावरही. मॅडमनी मोजलं की झाड बारीक, भाऊंनी मोजलं की जाड. झाड बिचारं जागच्या जागी उभं. मी एका दगडावर बसून शेंगदाणे खात होतो, आणि बसलो होतो म्हणूनच मला ते नीट दिसलं. मॅडमची फीत जिथे होती तिथून भाऊंची फीत चांगली हातभर खाली होती. या झाडांचे बुंधे खाली पसरट, आधीच सांगितलंय. मॅडमच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्यांकडे पाहिलं.

"काका," मॅडम फार जपून म्हणाल्या, "आपण पुढच्या वेळी काठी आणू या का?"

"काठी कशाला? छातीच्या उंचीवर मोजायचं, छातीच्या उंचीवर मोजलं!"

"हो, पण..." त्या थांबल्या.

"पण काय? बोला ना!"

"काही नाही. नियमातली छाती जरा उंच माणसाची आहे, एवढंच."

भाऊंनी आधी मॅडमच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग झाडाच्या पसरट बुंध्याकडे. एवढ्या वर्षांचं कौतुक त्यांच्या डोळ्यांसमोरून उलट्या पावलांनी चालत गेलं असेल. मग त्यांनी फीत गुंडाळली, खिशात घातली आणि आमची वाट न बघता उतरायला लागले.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. रस्ताभर ते एकच वाक्य निरनिराळ्या प्रकारे म्हणत होते, की काठी आणणारे ते कामचोर. घरी वहिनींनी चहा टाकला आणि मला नजरेनेच विचारलं. मी भाऊंच्या देखत सगळं सांगून टाकलं. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

वहिनी म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय, भावजी? माझ्या खांद्याला लागतात हे. झाडाच्या कुठे लागत असतील त्याचा हिशेब मी कधीच केला असता, पण मला कोणी विचारलंच नाही."

"तू सुद्धा!" भाऊ खिडकीला म्हणाले.

"मी सुद्धा काय? बैठकीत जाऊन सांगा, मोजताना फीत खाली धरली गेली. झाडं काही फार भरलेली नाहीत. थांबवा म्हणावं करवती."

"आणि फीत खाली का धरली, असं विचारलं तर?"

"तर सांगा, मी बुटका आहे."

तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा, कारण कपाट सुद्धा दचकल्यासारखं करकरलं. भाऊ गर्रकन वळले. "मी बुटका नाही. मी मध्यम आहे."

"कोणाच्या मध्ये?"

मी चहाचा कप तोंडाला लावून हसू दडवलं. चहा नाकात गेला तो वेगळा.

भाऊ पुन्हा खिडकीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "लोक हसतील गं."

"हसतातच की. आता तुमच्या माघारी हसतात, हे भावजी त्यात सर्वांत पुढे. उद्या तोंडावर हसतील. तेवढंच तुम्हालाही ऐकायला मिळेल, काय विनोद आहे तो." एवढं बोलून वहिनी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. बसल्या म्हणजे डोकी पुन्हा एका रेषेत. "एवढी वर्षं सांगताय, माझं जंगल, माझं जंगल. आता त्याच्यावर वेळ आली तर बुटांत लपायचं?"

मी उठलो. सगळं ऐकावं असं मला वाटतं खरं, पण काही वाक्यांनंतर तिसरं माणूस त्या खोलीत शोभत नाही.

बैठकीच्या दिवशी भाऊ आले ते नेहमीचे, जाड तळव्यांचेच बूट घालून. मी मनात म्हटलं, संपलं; मॅडमनीही साहेबांना अजून काही कळवलं नव्हतं, बहुधा भाऊंनी स्वतः सांगावं म्हणून. लांबट टेबलाभोवती साहेब, मॅडम, नगरसभेचे दोन सभासद आणि लाकूड कंपनीचा माणूस. कंपनीचा माणूस मूर्ख असता तर गोष्ट सोपी झाली असती, पण तो चांगला हुशार, हसतमुख, आणि त्याने सर्वांसाठी उत्तम बिस्किटं आणली होती. मी नकाशा भिंतीला टाचला. साहेबांनी पाणथळ झालं, कडा झाला, म्हणत म्हणत उताराचं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, मला बोलायचंय," भाऊ म्हणाले.

"बोला की. उभे राहून बोललात तर सगळ्यांना नीट ऐकू येईल."

"उभाच आहे, साहेब."

नगरसभेच्या एका सभासदाला खोकला आला. भाऊंचे कान लाल झाले. मला वाटलं, आता खाली बसतील. पण ते टेबलाला वळसा घालून पुढे आले, भिंतीपाशी. "मॅडम, जरा फीत आणा. आणि तुम्ही," हे मला, "पेन्सिल द्या. मॅडम, जमिनीपासून नियमातली छातीची उंची मोजा आणि भिंतीवर रेघ मारा."

मॅडमनी मोजून रेघ मारली. भाऊ जाऊन तिला पाठ लावून उभे राहिले. रेघ त्यांच्या हनुवटीपाशी आली. लोक बघत होते, पण कशाकडे बघायचंय ते कोणाला कळलं नव्हतं. तेवढ्यात भाऊ वाकले, एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्याची. दोन्ही बूट काढून त्यांनी टेबलावर ठेवले, बिस्किटांच्या शेजारी. आणि पुन्हा भिंतीला टेकून उभे राहिले.

रेघ नाकाशी आली. बरोबर मिशीच्या वरच्या काठाला.

"ही नियमातली छाती," भाऊ नाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही माझी. मी आजवर उतारावरचं प्रत्येक झाड इथे मोजलं, तिथे नाही. झाडं भरलेली नाहीत, साहेब. मी खाली मोजत आलो."

आधी कोणीच हसलं नाही. मग खोकणाऱ्या सभासदाला ते आवरेना. त्याचं फुटलं आणि मग सगळ्यांचंच फुटलं. मी नकाशाच्या मागे तोंड घातलं. भाऊ तसेच उभे, मोजे घातलेले पाय जुळवून, फोटो काढायला उभं करावं तसे. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "झालं? आता सही करू नका."

साहेबांनी डोळे पुसले. "अहो, पण हातभराने असा कितीसा फरक पडणार?"

"तुमचा घेर गळ्याशी घेतला आणि पोटाशी घेतला तर एकच येईल का, साहेब?"

कचेरीत असं वाक्य कोणी बोललं नव्हतं. पण अनवाणी माणसाचं धाडस वेगळंच असतं. साहेबांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि प्रश्न मागे घेतला.

आता कंपनीचा माणूस सरसावला. हुशार म्हटलंच होतं मी. "तुम्ही खाली मोजलंत हे मान्य. पण तुमच्या आधीचे काका फार उंच होते, असं ऐकलंय. म्हणजे त्यांनी वर मोजलं. त्यांचे आकडे खऱ्यापेक्षा बारीक, तुमचे खऱ्यापेक्षा जाड. मग जंगल रोडावलंय, असंही कोणी म्हणू शकत नाही. हो ना?"

हे खरंच होतं. भाऊंनी खांबकाकांना वर्षानुवर्षं गुरू मानलं होतं, त्यांची चूक काढायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. खोलीत चुळबूळ सुरू झाली. साहेबांचा हात पुन्हा पेनाकडे जाताना मी पाहिला.

"हो," भाऊ म्हणाले. "रोडावलंय की भरलंय, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि मला माहीत नव्हतं. पण तोडल्यावर तर कोणालाच कळणार नाही."

मॅडम तेव्हा बोलल्या. त्या बैठकीतलं त्यांचं हे एकच वाक्य. "माहीत नसलेल्या जंगलाला मी 'जास्तीची वाढ' असे गुण दिले, ते मी परत घेते."

गुण गेले की रेघा गेल्या, आणि रेघा गेल्या की सहीला जागाच उरत नाही. साहेबांनी टोपण लावलं. उतारावरची झाडं काठीने नव्याने मोजायची, तोवर एकही झाड पाडायचं नाही, असं ठरलं. कंपनीच्या माणसाने हसतमुखानेच निरोप घेतला, मात्र बिस्किटांचा डबा सोबत नेला.

बैठक मोडल्यावरची एक गंमत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी नकाशा काढायला परत गेलो तर दार लोटलेलं. फटीतून पाहिलं. आत साहेब एकटेच, बूट काढून, भिंतीवरच्या त्या रेघेला पाठ लावून उभे, आणि तळहात छातीवरून सरळ मागे नेऊन चाचपतायत. कुठे लागला ते मी सांगणार नाही. तसं मी दोघा-तिघांनाच सांगितलं आहे.

पुढे भाऊंची फटफजिती झाली का? झाली तर. आठवडाभर सगळे त्यांना भेटले की आपलं नाक चाचपायचे. पण गंमत अशी की समोर थट्टा करणारी माणसं मग मागे करेनात. मागे करण्यात मजा उरली नाही. माझा तर धंदाच बसला.

नवी मोजणी सुरू झाली. काठी गॅलरीतून उतरवावी लागली, वहिनींनी कपड्यांसाठी नवी दोरी आणली. पहिल्या दिवशी वर मीही गेलो, या वेळी नकाशाचं निमित्तही केलं नाही. मॅडमनी काठी झाडाला लावून धरली, लाल पट्ट्यावर फीत फिरवली. आकडा वाचायला त्या वाकल्या, डोळे बारीक केले, पाठीला कळ लागली म्हणून सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. भाऊ फितीसमोर नुसते उभे राहिले. फीत थेट त्यांच्या नाकासमोर. न वाकता, न टाचा उचलता त्यांनी आकडा घडाघडा वाचला. दुसऱ्या झाडावर तेच, तिसऱ्यावर तेच. मॅडम फीत लावायच्या आणि भाऊ वाचायचे, दुपारपर्यंत त्यांनी उताराची एक अख्खी बाजू उरकली.

आकडे आले ते ना फार वाईट, ना चांगले. खांबकाकांनी वर मोजलेल्या आकड्यांपेक्षाही काठीचे आकडे थोडे कमीच भरले, म्हणजे जंगल हळूहळू रोडावतंय, एवढं दिसलं. उताराचा नंबर दुसरा लागला. राखणदार पाणथळीला मिळाला, पण उताराचा हिरवा रंग पुसून मी त्यावर पिवळा दिला, आणि पिवळ्यावर करवत चढत नाही. भाऊंना तेही सोसेना. "दुसरा? माझं जंगल दुसरं?" म्हणून ते माझ्या खोलीत येऊन बसले. परवापर्यंत शेवटचं आलं म्हणून मिरवणारा हाच माणूस, आता सगळ्यांत आजारी का नाही म्हणून कुरकुरत होता.

पण मी म्हणतो त्या पहिल्या दिवशी, परत उतरताना, मॅडम कंबर धरून हळूहळू चालत होत्या. भाऊ मात्र ताठ, पुढे पुढे. एका वळणावर ते थांबले आणि फार मायेने, मोठ्या माणसाने लहानाची समजूत घालावी तसं म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. मोजणी हे मुळात तुमच्या उंचीच्या माणसाचं काम नाही."